तुरुंगातल्या गाववाल्यांसाठी धावलेला पाद्री : मराठीत पुराण लिहिणारे फादर स्टीफन्स

डिसेंबरात आमच्याकडे भाताची मळणी उरकलेली असते, कुळथाची पेरणी झालेली असते आणि शेतकऱ्याला जरा बसायला वेळ मिळतो. याच दिवसांत बांद्याच्या पुढे गोव्याच्या बाजूला गेलं की ख्रिस्ती घरांसमोर कागदाच्या चांदण्या लागलेल्या दिसतात. अंगणात गवताचा गोठा, त्यात मातीची गाय, वासरू आणि बाळ. गोठ्यात जन्मलेल्या देवाचं कौतुक आम्हा शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नाताळ आला की मला एका माणसाची आठवण होते. तो इथला नव्हता. हजारो कोस लांबून आला, तिशीत आला आणि परत गेलाच नाही. फादर थॉमस स्टीफन्स. शाळेत मराठीच्या पुस्तकात आपण त्यांचं नाव वाचलं, ‘क्रिस्तपुराण’ हे उत्तर लिहून दोन मार्क मिळवले आणि विसरलो. पण या माणसाची गोष्ट दोन मार्कांपुरती नाही.

स्टीफन्स यांचा जन्म साधारण 1549 साली इंग्लंडमधल्या विल्टशायर भागात, बुश्टन गावी झाला. वडील व्यापारी. त्या काळी इंग्लंडमध्ये धर्मावरून मोठा तंटा चालू होता. राणी एलिझाबेथचं राज्य प्रोटेस्टंट पंथाचं. जुन्या कॅथलिक पंथाच्या लोकांना दंड, जप्ती, तुरुंग असं सगळं सोसावं लागे. स्टीफन्स कॅथलिक. त्यांचा थॉमस पाउंड नावाचा एक मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जायचं आणि जेजुइट संघात दाखल व्हायचं ठरवलं होतं. पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि 1575 साली संघात दाखल झाले. जिवलग मित्र गजाआड आणि आपण मोकळे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

संघाकडून त्यांना हिंदुस्थानात यायची परवानगी मिळाली. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजं निघाली, त्यातल्या एकावर ते होते. आज मुंबईहून गोव्याला रात्रीच्या गाडीने माणूस सकाळी पोचतो. त्यांना साडेसहा महिने लागले. वाटेत वारा पडला की जहाज दिवसेंदिवस जागच्या जागी. पाणी नासलं, अन्न खराब झालं, लोकांच्या हिरड्या सुजल्या. सुमारे दीडशे माणसं आजारी पडली आणि 27 दगावली. आफ्रिकेचं टोक ओलांडल्यावर वाट चुकली ती वेगळीच. अखेर 24 ऑक्टोबर 1579 रोजी जहाज गोव्याला लागलं. सतरा दिवसांनी, 10 नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. हे पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. गोव्यात राहून इथल्या गोष्टी घरी कळवणारा हा पहिला इंग्रज, असं म्हणतात. द्राक्षाचा वेल सोडला तर युरोपातलं एकही झाड इथे दिसलं नाही, हे त्यांनी त्या पत्रात आवर्जून कळवलं.

त्यांची नेमणूक झाली सासष्टीत, म्हणजे मडगाव, राय, राशोल, कुंकळ्ळी या पट्ट्यात. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी त्याच भागात काढली.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नाताळ आहे म्हणून ती झाकून ठेवणं बरोबर नाही. सासष्टीत तेव्हा पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती. 1567 च्या सुमारास तर गावोगावची देवस्थानं गेली. लोकांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपलीकडे नेल्या. मंगेशी, शांतादुर्गा ही आपली दैवतं मूळ जागा सोडून अंत्रुज महालात आली ती याच काळात. धर्म बदललेल्यांमध्ये काही मनापासून बदलले, काही भीतीने, काही जमीन राखायला. फादर स्टीफन्स ज्या संघाचे होते तो संघ या सत्तेच्या छायेत काम करत होता. ते स्वतः त्याच्या बाहेर नव्हते.

1583 हे वर्ष त्यांच्यासाठी फार कठीण गेलं. वय चौतीसच्या आसपास. जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या लोकांचा संताप उफाळून आला. चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाच जेजुइटांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना गावकऱ्यांनी मारलं. मेलेल्यांत रुडॉल्फ आक्वाविवा होते, जे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परत आले होते. आपल्या सोबत्यांची प्रेतं मिळवून त्यांना मूठमाती देण्याचं काम फादर स्टीफन्स यांच्यावर आलं. पुढे पोर्तुगीजांनी सूड घेतला. बोलणी करायची म्हणून कुंकळ्ळीच्या सोळा गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. एक जण तेवढा नदीत उडी टाकून निसटला, असं तिथे सांगतात. आज कुंकळ्ळीत त्या वीरांचं स्मारक उभं आहे. प्रेतं दोन्हीकडे पडली. जाणाऱ्या-येणाऱ्याने तिथे घटकाभर थांबावं.

एवढं झाल्यावर कुणाही परदेशी माणसाच्या मनात इथल्या लोकांबद्दल कडवटपणा आला असता. पण त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला, गोव्यात पाय ठेवल्याला बरोबर चार वर्षं झाली तेव्हा, स्टीफन्स यांनी भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची हकिकत आहेच. पण त्यातच इथल्या भाषांचं कौतुकही आहे. या भाषा कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांशी जुळते, असं त्यांनी कळवलं. भाषांचे पंडित ही नात्याची गोष्ट ठासून सांगू लागले ती त्यानंतर दोनशे वर्षांनी.

आणि त्याच पत्रात माड आहे! आमच्या कोकणातल्या माणसाने वाचावं असं वर्णन. एका झाडापासून तेल निघतं, माडी निघते, गूळ-साखर होते, शिर्का होतो, काथ्याचा दोर वळतात, झावळांनी झोपड्या शाकारतात आणि नारळ तर बारा महिने. वर्षात एवढं सोसलेला माणूस भावाला माडाचे उपयोग मोजून दाखवतो. ज्याला गाव आवडायला लागतं तोच असं लिहितो.

त्यानंतर साधारण सव्वा महिन्याने, 29 नोव्हेंबरला, गोव्यात चार इंग्रज कैदी आणले गेले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी. पहिले दोघे व्यापारी, लीड्स जवाहिऱ्या आणि स्टोरी चित्रकार. ओर्मुझच्या बंदरात एका इटालियन व्यापाऱ्याने चुगली केली की हे हेर आहेत. त्यात इंग्लंडच्या फ्रान्सिस ड्रेकने पूर्वेकडच्या बेटांजवळ पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्याचा राग होताच. गोव्यात उतरताच चौघांची रवानगी भक्कम तुरुंगात झाली. ओळख ना देख, भाषा येत नाही, वर हेरगिरीचा आरोप. सुटका होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं.

इथे फादर स्टीफन्स मधे पडले. हे चौघे त्यांचे गाववाले खरे, पण ज्या राज्याने स्टीफन्स यांच्या पंथाला छळलं, ज्या राज्याच्या तुरुंगात त्यांचा मित्र पाउंड अजून खितपत होता, त्याच राज्याचे. चांगलं झालं, भोगा, असं म्हणून ते गप्प बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. उलट हेरांची बाजू घेतो म्हणून त्यांच्यावरच संशय यायची भीती. तरी ते आणि त्यांचे एक फ्लेमिश सोबती पाद्री व्हाइसरॉयकडे गेले, अर्जविनंत्या केल्या, जामीन राहणारा माणूस शोधून काढला. दोन हजार डुकाटांच्या जामिनावर कैदी सुटले. फिचने सुटकेची तारीख 22 डिसेंबर अशी लिहून ठेवली आहे. न्यूबेरीनेही घरी कळवलं की या पाद्रींनी पाठपुरावा केला नसता तर जीव वाचला असता तरी बराच काळ तुरुंगात सडावं लागलं असतं.

कैदी सोडवणं, प्रेतांना माती देणं, शिवाय रोजची प्रार्थना, शिकवण, आजाऱ्यांची विचारपूस. परमुलखातल्या तरुण पाद्रीचे दिवस असे जात. सणासुदीला तर उसंतच नाही.

पुढे जेम्स स्टोरी गोव्यातच राहिला, त्याने चित्रांचं दुकान टाकलं आणि लग्नही केलं. बाकीचे तिघे 1585 मध्ये संधी साधून पळाले. फिच देशोदेशी फिरून 1591 साली लंडनला पोचला. त्याने सांगितलेल्या माहितीचा उपयोग पुढे ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांना झाला. एका भल्या कामाचा दोर कुठे जाऊन गुंततो बघा.

स्टीफन्स यांचं मोठं काम मात्र यानंतरचं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकायची सवय. धर्म बदलला, पुराणं काढून घेतली, मग संध्याकाळी ऐकायचं काय? क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच हा प्रसंग येतो. रविवारी देवळातली शिकवण आटोपल्यावर एक जण पाद्रींना म्हणतो की आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या. मागणी साधी आहे, पण तिच्यात केवढं दुःख आहे! ते दुःख स्टीफन्स यांनी ऐकलं एवढंच नाही, आपल्या पुस्तकात नोंदवूनही ठेवलं.

मग त्यांनी येशूची कथा ओवीत लिहिली. पहिलं पुराण 36 अध्यायांचं, दुसरं 59 अध्यायांचं, मिळून 10,962 ओव्या. भाषा मराठी, त्यात सासष्टीतले कोंकणी शब्द मिसळलेले. मराठीला त्यांनी फुलांतल्या मोगऱ्याची आणि सुवासातल्या कस्तुरीची उपमा दिली. 1616 साली राशोलच्या छापखान्यात हे पुस्तक छापलं गेलं आणि रविवारी, सणाच्या दिवशी चर्चमध्ये ते वाचलं जाऊ लागलं. बेथलेहेमच्या गोठ्याची गोष्ट सासष्टीतल्या कुळवाड्याने आपल्या ओवीत ऐकली.

एक खंत मात्र राहिली. पुस्तक छापलं ते रोमन लिपीत. मराठी अक्षरांचे खिळे पाडावेत म्हणून त्यांनी 1608 साली वरिष्ठांना पत्र लिहिलं होतं. जोडाक्षरं धरून सहाशेच्या घरात साचे लागतात हीच मुख्य अडचण, पण ती संख्या बरीच कमी करता येईल असंही सुचवलं होतं. ते काम त्यांच्या हयातीत झालं नाही. 1619 साली गोव्यातच त्यांचं निधन झालं. त्यांनी कोंकणीत लिहिलेली धर्मशिकवण 1622 साली आणि कोंकणीचं व्याकरण 1640 साली छापलं गेलं. हिंदुस्थानी भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून त्याचा मान आहे.

नंतर उलटंच घडलं. 1684 साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण आज त्यांची एकही छापील प्रत हाती नाही. मग पुस्तक वाचलं कसं? गोव्यातून मंगळुरूकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती जपल्या, घराघरांत वाचल्या. त्यांच्यावरूनच 1907 साली मंगळुरूला नवी आवृत्ती निघाली. पुढे लंडनमधल्या एका संग्रहात देवनागरीतलं हस्तलिखितही सापडलं. फर्मान काढणाऱ्या व्हाइसरॉयचं नाव आज इथे कुणाला आठवत नाही, ओव्या मात्र राहिल्या.

फादर स्टीफन्स यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ज्या सत्तेबरोबर ते आले तिचे घाव आपल्या आजूबाजूच्या गावांनी सोसले आहेत, आणि ते विसरता कामा नये. पण त्याच सत्तेच्या दरबारात परक्या पंथाच्या कैद्यांसाठी रदबदली करायला ते गेले, आणि ज्यांना शिकवायचं त्यांची भाषा आधी स्वतः शिकले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

आता आमच्याच गावातली पोरं घरात आजीशी मालवणीत बोलायला लाजतात. आम्ही आईबापच इंग्लिश मीडियमच्या नादात त्यांना टोकतो. कुणी फर्मान काढलेलं नाही, तरी बोली चालली आहे. विल्टशायरचा माणूस माडाखाली बसून आपली भाषा शिकला. आपल्याला तर ती फुकटात मिळाली आहे.

सर्व वाचकांना नाताळच्या शुभेच्छा.