चाल बघून आजार ओळखणारे डॉक्टर : कोण होते जेम्स पार्किन्सन?

कोल्हापुरात मिरवणुकीत हलगी कडाडली, की आजोबांचे पायही ताल धरतात. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी भरणाऱ्या नृत्यवर्गांमागचे सूत्र हेच आहे : बाहेरून मिळालेला ठेका. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या डॉक्टरांनीही दोनशे वर्षांपूर्वी अशीच एक गोष्ट टिपून ठेवली होती.

कोण होते पार्किन्सन?

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडिलांप्रमाणे तेही वैद्यकीय व्यवसायात आले आणि त्याच वस्तीत रुग्ण तपासत राहिले. सामान्यांना मताधिकार मिळावा, म्हणून ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने त्यांनी पत्रके लिहिली. राजा तिसरा जॉर्ज यांच्या हत्येच्या कथित कटाच्या प्रकरणात १७९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांची जबानी घेतली. जीवाश्मांचाही त्यांना ध्यास होता. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते.

आजार कसा ओळखला?

१८१७ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांनी कंपवातावर छोटा प्रबंध लिहिला. त्यात अवघे सहा रुग्ण होते. त्यांतील दोघे रस्त्यात भेटलेले, तर एक केवळ दुरून पाहिलेला. थरथरणारे हात, पुढे झुकलेले शरीर आणि धावल्यासारखी चाल यांतून त्यांना एकच आजार दिसला.

दुरून पाहिलेल्या गृहस्थाला पाऊल उचलता येत नसे. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. तो गृहस्थ हलकेच मागेपुढे झुलून तोल साधे, इशारा देई आणि धावू लागे. तो पडू नये म्हणून सेवक पुढे धावत असे.

नृत्याचा संबंध काय?

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे सवयीच्या हालचाली आपोआप सुरू होत नाहीत, पाय जमिनीला खिळतात. संगीताचा ठेका किंवा जोडीदाराची हालचाल मेंदूला बाहेरून इशारा देते आणि पाऊल सुटते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये असे वर्ग सुरू केले. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी रुग्णांना नृत्य शिकवले. नृत्याने आजार बरा होत नाही आणि औषधे बंद करता येत नाहीत. मात्र तोल, चाल आणि उमेद यांना आधार मिळतो.

नाव केव्हा मिळाले?

२१ डिसेंबर १८२४ रोजी पार्किन्सन यांचे निधन झाले. त्यांच्या प्रबंधाकडे तेव्हा फारसे कुणाचे लक्ष गेले नव्हते. अनेक दशकांनी पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. त्यांचा जन्मदिवस आता जागतिक पार्किन्सन दिन आहे. त्यांचे एकही खात्रीचे चित्र मात्र उपलब्ध नाही. इतरांची चाल इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या माणसाचा चेहरा जगाला माहीत नाही.