रोगाचे मूळ शोधणारा वैद्य

साथीचा रोग राजा आणि रंक असा भेद करीत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. रोगाचे बीज कोणाच्याही शरीरात शिरू शकते. परंतु ज्याच्या पोटात अन्न नाही आणि ज्याचे शरीर जुन्या दुखण्याने पोखरलेले आहे, त्याच्यावर रोगाचा घाला अधिक क्रूरपणे पडतो. हे सत्य राज्यकर्त्यांना निर्भयपणे सांगणारे थोर जर्मन वैद्य म्हणजे रूडॉल्फ फिरखो.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या राज्यातील शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. त्यामुळे बर्लिन येथील लष्करी वैद्यकीय संस्थेत सरकारी खर्चाने त्यांनी शिक्षण घेतले. १८४३ साली पदवी मिळवून ते शारिटे या प्रसिद्ध रुग्णालयात काम करू लागले.

१८४७ च्या अखेरीस सायलीशिया प्रांताच्या वरच्या भागात टायफस ज्वराने थैमान मांडले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा सरकारने चौकशीसाठी २६ वर्षांच्या फिरखोंना तिकडे पाठविले. फेब्रुवारी १८४८ मध्ये ते त्या प्रांतात पोहोचले आणि गावोगावी फिरून झोपड्याझोपड्यांतून रोगी पाहू लागले.

तेथील दृश्य हृदयद्रावक होते. बटाटा हेच गरिबांचे मुख्य अन्न. आणि त्याचे पीक बुडाल्याने दुष्काळ पडलेला. एकेका कोंदट खोलीत अनेक माणसे दाटीने राहत. कित्येक ठिकाणी गुरेही त्यांच्या सोबतीलाच असत. हिवताप आणि आमांश हे रोग तर त्यांच्या पाचवीलाच पुजलेले होते. जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती होती. लोकांची भाषा पोलिश, पण कारभार जर्मन भाषेत चाले. त्यामुळे शिक्षणाचा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. अशा खंगलेल्या शरीरांना ज्वराशी झुंज देण्याचे बळ कोठून असणार?

फिरखोंनी आपल्या अहवालात केवळ औषधे सुचविली असती, तर सरकार संतुष्ट झाले असते. परंतु त्यांनी रोगाचा दोष राज्यव्यवस्थेवर ठेवला. लोकांना त्यांच्या भाषेत शिक्षण द्यावे, करांचा बोजा गरिबांवरून उतरवून श्रीमंतांवर ठेवावा, शेती सुधारावी, रस्ते बांधावेत आणि लोकांना स्वराज्याचे हक्क द्यावेत, असे उपाय त्यांनी सांगितले. बर्लिनला परतल्यावर थोड्याच दिवसांत तेथे क्रांतीचा उठाव झाला. त्यातही ते सहभागी झाले. या साऱ्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८४९ साली सरकारची वक्रदृष्टी ओढवून त्यांना बर्लिन सोडावे लागले.

व्यूर्ट्‌सबुर्ग येथील विद्यापीठात त्यांनी सात वर्षे अध्यापन केले. त्यांची विद्वत्ता एवढी मोठी होती, की १८५६ साली बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. रोगाचा उगम शरीरातील पेशींत होतो, हा त्यांचा सिद्धांत १८५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व जगन्मान्य ठरला. तथापि ते प्रयोगशाळेतच रमले नाहीत. १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते बर्लिनच्या नगरसभेचे सभासद होते. शहरात सांडपाण्याचे भुयारी गटार व्हावे आणि नवी रुग्णालये उभी राहावीत, यासाठी त्यांनी अविश्रांत परिश्रम केले.

सूक्ष्म जंतूंमुळे रोग होतात हे मत पुढे आले, तेव्हा फिरखोंनी त्याकडे साशंकतेने पाहिले. या बाबतीत त्यांची दृष्टी अपुरी पडली. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. १९०९ साली शार्ल निकोल यांनी टायफस ज्वर अंगावरील उवांमुळे पसरतो, हे सिद्ध केले. परंतु उवा तरी कोठे माजतात? जेथे बदलावयास दुसरे वस्त्र नाही आणि जेथे थंडीत माणसे एकमेकांना चिकटून निजतात, तेथेच. जंतूंचा शोध लागला, तरी फिरखोंनी दाखविलेले दारिद्र्याचे मूळ खोटे ठरले नाही.

२०२० साली करोनाची साथ जगभर पसरली, तेव्हाही मधुमेहासारख्या जुनाट व्याधींनी ग्रासलेल्यांना त्या रोगाने अधिक छळले. आणि दाट वस्तीत राहून रोज कामावर जाणे ज्यांना भाग होते, त्यांना तो टाळता आला नाही. रोग्याला औषध देणे हे वैद्याचे कर्तव्य आहेच. पण रोगी ज्या घरात राहतो आणि जे अन्न खातो, त्याची विचारपूस करणे हेही त्याचेच कर्तव्य आहे, हा धडा फिरखोंनी आपल्या आचरणाने घालून दिला.