पेट्रोलचा भडका आणि यशवंतराव चव्हाण

सिल्लोड शहरात अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. येथील पंपांवर पेट्रोल येते ते टँकरने. त्याचा भाव मात्र बव्हंशी सातासमुद्रापार ठरतो. या वास्तवाचा पहिला मोठा चटका देशाला १९७३ मध्ये बसला. त्या वेळी देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या यशवंतराव चव्हाण यांच्या हाती होत्या.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या यशवंतरावांचे पितृछत्र बालपणीच हरपले. आई विठाबाईंनी कष्टाने संसार सावरला. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या तरुणाकडे १९५२ मध्ये मुंबई राज्याचे नागरी पुरवठा खाते आले. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले. मराठवाडा त्याच वेळी या राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद आणि १९६२ मध्ये केंद्रातील संरक्षण खाते त्यांच्याकडे आले.

जून १९७० मध्ये ते अर्थमंत्री झाले. बांगलादेशी निर्वासितांचा भार, १९७१ चे युद्ध आणि १९७२ चा दुष्काळ यांनी तिजोरीवर आधीच ताण आणला होता. अशातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. अरब राष्ट्रांनी तेलाचे उत्पादन घटवले आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव जानेवारी १९७४ मध्ये ११.६५ डॉलरवर गेला. भारत अरबांचा मित्र असल्याने त्याच्यावर तेलबंदी आली नाही, पण भाववाढीतून सुटका नव्हती.

यशवंतरावांपुढे पेच उभा राहिला. बोजा सरकारने सोसला तर तूट वाढणार. ग्राहकावर टाकला तर जनक्षोभ उसळणार. सरकारने दुसरा मार्ग पत्करला. खप कमी व्हावा म्हणून नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलवरील अबकारी कर वाढवण्यात आला. निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. महागाई तरीही आटोक्यात येईना. अखेर जुलै १९७४ मध्ये नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा सक्तीने ठेव म्हणून राखून ठेवावा लागला. या कटू निर्णयांचा रोष अर्थमंत्र्यांनाच झेलावा लागला.

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, १९७९ मध्ये उपपंतप्रधान. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

त्यानंतर व्यवस्था बदलली. पेट्रोलचे दर २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि २०१७ पासून ते रोज ठरू लागले. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांच्या संपाने मनमाडजवळील पानेवाडी डेपोतील वाहतूक थांबली, तेव्हा मराठवाड्यात पंपांवर रांगा लागल्या. दर मात्र चढले नाहीत. जवळचा पुरवठा तुटला की पंप कोरडे पडतात. दूरचा तुटला की भाव पेटतो. तो भडका किती सोसायचा आणि किती ग्राहकावर सोपवायचा, हा यशवंतरावांपुढचा प्रश्न प्रत्येक अर्थमंत्र्याच्या वाट्याला आला आहे.