गिल्बर्ट फाउलर : सांडपाण्यातील धन ओळखणारा शास्त्रज्ञ

बेंगळुरूच्या आग्नेयेस सुमारे नऊशे एकरांवर पसरलेला बेळ्ळंदूर तलाव अलीकडच्या काळात दोन दृश्यांमुळे देशभर ओळखला गेला. एक म्हणजे रस्त्यावर उडून येणारा पांढरा फेस आणि दुसरे म्हणजे पाण्यावर पेटलेली आग. मे 2015, फेब्रुवारी 2017 आणि जानेवारी 2018 या तिन्ही वेळी आगीचे लोट पाहून लोक थक्क झाले. पाणी पेटते कसे, हा प्रश्न लहान मुलांनीही विचारला. त्याचे उत्तर शोधताना आपण याच शहरात शंभर वर्षांपूर्वी कार्य करणाऱ्या एका शास्त्रज्ञापाशी जाऊन पोहोचतो. सांडपाणी शुद्ध करण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिच्या जन्मामागील प्रेरणा त्यांची होती. त्यांचे नाव डॉ. गिल्बर्ट जॉन फाउलर.

फाउलर यांचा जन्म 1868 सालचा. मँचेस्टर हे त्यांच्या उमेदीच्या काळातील कर्मक्षेत्र. कापडगिरण्या आणि रंगाचे कारखाने यांनी गजबजलेल्या त्या शहराच्या नद्या काळ्या पडल्या होत्या. नगरपालिकेने 1894 मध्ये डेव्हिहुल्म येथे सांडपाण्याचे मोठे केंद्र उभारले. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले फाउलर मँचेस्टरच्या या कामाशी जोडले गेले. समाजात ज्या विषयाचे नाव काढतानाही नाक मुरडले जाई, तो विषय त्यांनी आयुष्यभराच्या अभ्यासासाठी निवडला.

नदी मरते म्हणजे नेमके काय होते, हे त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना हळूहळू उमगत होते. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासे आणि इतर जलचर जगतात. मैला पाण्यात मिसळला की तो कुजवणारे जीवाणू हा प्राणवायू झपाट्याने संपवतात. किती मैला किती प्राणवायू खातो, हे मोजता आले तर नदीचे आरोग्यही मोजता येईल, या विचारातून एक साधी परीक्षा रूढ झाली. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून ठरावीक तापमानाला पाच दिवस ठेवायचा आणि आरंभीचा व अखेरचा प्राणवायू मोजून त्यांतील फरक काढायचा. शुद्ध करून नदीत सोडलेल्या पाण्यात ही प्राणवायूची भूक लिटरमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे ब्रिटनच्या शाही आयोगाने 1912 मध्ये सुचवले.

त्याच वर्षी फाउलर न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणाच्या कामानिमित्त अमेरिकेत गेले. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स प्रयोग केंद्रात त्यांनी एक प्रयोग पाहिला. बाटलीतील सांडपाण्यात हवा खेळवली जात होती. तळाशी सजीवांची दाट वाढ झाली होती आणि वरचे पाणी नितळ होत होते. पाहणारे अनेक असतील. फाउलर यांनी त्यातील शक्यता ओळखली. मँचेस्टरला परतल्यावर त्यांनी एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोन सहकाऱ्यांना हाच धागा पुढे नेण्यास सुचवले.

आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन हवा सोडण्यास आरंभ केला. पहिल्या खेपेस पाण्यातील अमोनियाचे संपूर्णपणे नायट्रेटमध्ये रूपांतर होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. इतका विलंब कोणत्याही शहराला परवडणारा नव्हता. मात्र त्या दोघांनी तळाचा गाळ फेकला नाही. वरचे पाणी काढून त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले. प्रत्येक खेपेस काळ कमी होत गेला आणि अखेर आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळ म्हणजे जीवाणूंची जिवंत वसाहत होती. पूर्वीचे संशोधक तोच निरुपयोगी समजून टाकून देत आणि दर वेळी शून्यापासून आरंभ करीत. 3 एप्रिल 1914 रोजी मँचेस्टर येथे हा शोध जाहीर झाला. त्या गाळाला सक्रिय गाळ हे नाव मिळाले. निबंधावर नावे आर्डर्न आणि लॉकेट यांची होती. त्यांनी फाउलर यांच्या प्रेरणेचा कृतज्ञतेने उल्लेख केला. फाउलर यांनीही आपल्या साहाय्यकांचे श्रेय स्वतःकडे ओढले नाही.

1916 मध्ये फाउलर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पहिले महायुद्ध चालू होते. स्फोटकांसाठी ॲसिटोनची निकड होती आणि ते किण्वनाने बनवण्याचे संशोधन संस्थेत सुरू झाले. त्यासाठी नाशिक येथे उभारल्या जाणाऱ्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. 1921 मध्ये संस्थेत जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि फाउलर त्याचे पहिले प्रमुख झाले. या विषयाचा भारतातील हा आद्य विभाग होय.

भारतात आल्यावर त्यांच्या विचाराला नवे वळण मिळाले. इंग्लंडमध्ये प्रश्न नदी स्वच्छ ठेवण्याचा होता. येथे त्यांना त्याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. शेतातील नत्र धान्यातून शहरात येते, माणसाच्या शरीरातून मैल्यात जाते आणि नदीवाटे समुद्राला मिळते. जमीन दरवर्षी थोडी अधिक दरिद्री होते आणि पाणी नको त्या संपत्तीने गुदमरते. हा जमाखर्च कोठे बिघडतो, हे मोजून दाखवणे आणि नत्र पुन्हा मातीला देणे, हे त्यांनी आपले ध्येय मानले. पुण्याभोवतीच्या ऊसमळ्यांत सोनखताचा वापर त्या काळी रूढ होता. आपल्या पूर्वजांनी त्याच्या नावातच सोने घातले, यावरून त्यांना त्याची किंमत ठाऊक होती हे उघड आहे. फाउलर यांनी त्या जाणिवेला प्रयोगशाळेचा आधार दिला. रेगे या सहकाऱ्यासमवेत त्यांनी बेंगळुरूत सक्रिय कंपोस्टची पद्धत विकसित केली. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टविषयी जे कार्य केले, त्याच्या आधीचा हा एक महत्त्वाचा टप्पा होता. नत्राच्या जपणुकीवर फाउलर यांनी लिहिलेला ग्रंथ 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. 1953 मध्ये, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा बेळ्ळंदूरकडे वळू. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातून शहराचे सांडपाणी या तलावाकडे वाहते. त्यातील नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी माजते, साबणचुऱ्यातील द्रव्यांनी फेस येतो. कुजणाऱ्या थरांत प्राणवायू संपला की मिथेनसारखे ज्वलनशील वायू तयार होतात. हे पाणी पुढे वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीला आणि तमिळनाडू ओलांडून कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. एका घरातील न्हाणीघराचे पाणी अशा रीतीने समुद्राच्या हिशेबात जमा होते.

याच खोऱ्यातील शुद्धीकरण केंद्रांत आज सक्रिय गाळाची पद्धत वापरली जाते. 2018 पासून येथील प्रक्रिया केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांकडे नेले जाते. मात्र साध्या सक्रिय गाळाने प्राणवायूची भूक भागली तरी नत्र आणि स्फुरद पाण्यात बऱ्याच अंशी शिल्लक राहतात. म्हणजे फाउलर यांच्या कार्याचा पूर्वार्ध शहरांनी स्वीकारला आणि उत्तरार्ध अजून व्हायचा आहे.

शाळेतून बाहेर पडलेली मुले आज याच शहरांत अभियंते, शास्त्रज्ञ आणि जबाबदार गृहस्थ म्हणून वावरत आहेत. फाउलर यांचे चरित्र त्यांना एक साधी गोष्ट सांगते. ज्या विषयाकडे सारे पाठ फिरवतात, तेथेही चिकाटीने मोजणाऱ्याची वाट पाहणारे ज्ञान असते. आणि टाकून दिलेल्या गाळातही पुढच्या कामाचे बळ दडलेले असू शकते.