पडद्यावरील जादूगार जॉर्ज मेलिये

मनुष्य मोठें कार्य करून जातो; परंतु तें कार्य पुढील पिढ्यांस पाहावयास मिळेल कीं नाहीं, हें केवळ त्याच्या थोरवीवर ठरत नाहीं. तें कोणीतरी जपावें लागतें. पुस्तक असो, चित्र असो वा एखादी जुनी वास्तु असो, जतन करणारा हात नसेल तर काळ तिची दया करीत नाहीं. या गोष्टीचें हृदयद्रावक उदाहरण आम्हांस फ्रान्स देशांतील जॉर्ज मेलिये यांच्या चरित्रांत आढळलें. आज घरोघरीं चित्रें हलतात आणि बोलतात. पडद्यावर अद्भुत सृष्टि उभी करण्याची वाट ज्यांनीं आरंभीं घालून दिली, त्या या पुरुषाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

मेलिये यांचा जन्म पॅरिस शहरीं ता. ८ डिसेंबर १८६१ रोजीं झाला. वडिलांचा बूट तयार करण्याचा मोठा कारखाना असल्यामुळें घरीं कशाची वाण नव्हती. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि बाहुल्यांच्या खेळाकडे. चित्रकलेचें शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा वडिलांस मान्य झाली नाहीं व त्यांना कारखान्यांत काम करावें लागलें. १८८४ सालीं ते लंडनला गेले असतां तेथील इजिप्शियन हॉल या नाट्यगृहांत त्यांनीं नामांकित जादूगारांचे खेळ पाहिले, आणि त्यांच्या मनानें घेतलें तें कायमचें. पुढें कारखान्यांतील आपला वांटा भावांस विकून त्यांनीं १८८८ मध्यें पॅरिसमधील रॉबेर-उदँ हें जादूच्या प्रयोगांचें नाट्यगृह विकत घेतलें.

ता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं ल्युमिएर बंधूंनीं पॅरिसमध्यें आपलीं हलतीं चित्रें पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांस दाखविलीं. मेलिये त्या मंडळींत होते. त्यांनीं तें यंत्र विकत मागितलें, नकार मिळाला. पण ते स्वस्थ बसणारे नव्हते. लंडनच्या रॉबर्ट पॉल यांजकडून एक प्रक्षेपण-यंत्र आणून, त्याचीच मोडतोड करून त्यांनीं चित्रें घेण्याचें यंत्र बनविलें आणि १८९६ पासून स्वतःचे चित्रपट काढण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ल्युमिएर यांचीं चित्रें मुंबईस वॉटसन हॉटेलांतही दाखविलीं गेलीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. म्हणजे हा काळ आपल्यापासून किती जवळचा आहे तें समजेल.

एकदां पॅरिसच्या रस्त्यांत चित्रण चालूं असतां यंत्र क्षणभर अडकलें. फीत तयार झाल्यावर पाहतात तों धांवत्या बसगाडीची एकाएकीं प्रेतगाडी झालेली! ही हकीकत स्वतः मेलिये सांगत असत. यंत्र थांबवावें, वस्तु बदलावी आणि यंत्र पुन्हां सुरू करावें, एवढ्या साध्या युक्तीनें माणसें अदृश्य होऊं लागलीं व मुंडकीं धडावेगळीं होऊन बोलूं लागलीं. १८९७ मध्यें त्यांनीं माँत्रय येथें कांचेच्या भिंतींचें चित्रगृह बांधलें. कथा रचणें, पडदे रंगविणें, अभिनय करणें, सर्व कांहीं तेच करीत. १९१३ पर्यंत त्यांच्या हातून पांचशेंहून अधिक चित्रपट झाले. त्यांत १९०२ सालचा ‘चंद्रावरील प्रवास’ हा सर्वांत प्रसिद्ध. चंद्राच्या डोळ्यांत रुतलेला तोफेचा गोळा आमच्या पुष्कळ वाचकांनीं चित्रांत पाहिला असेल. याच्या कांहीं प्रती रंगीतही होत्या. मादाम त्विलिए यांच्या कारखान्यांत बसून स्त्रिया बारीक कुंचल्यानें फितीवरील एकेक चित्र हातानें रंगवीत. फितीवरील चित्र बोटभर रुंदीचें, आणि अशीं चित्रें तेरा हजारांहून अधिक! त्या अनामिक स्त्रियांच्या चिकाटीस आमचा नमस्कार असो.

चित्रपटाची कीर्ति समुद्रापार गेली आणि अमेरिकेंतील कांहीं व्यापाऱ्यांनीं त्याच्या चोरून नकला काढून विकल्या. मेलिये यांना त्यांतून फार थोडें मिळालें. म्हणून १९०३ मध्यें त्यांचे बंधु गास्तों यांनीं न्यूयॉर्क येथें कचेरी उघडली. तेव्हांपासून दोन यंत्रें शेजारीं ठेवून दोन मूळ फिती घेण्याची वहिवाट पडली. एक घरीं ठेवावयाची व दुसरी अमेरिकेस पाठवावयाची. ही सामान्य व्यापारी सोय पुढें केवढी मोलाची ठरणार होती, याची त्या वेळीं कोणास कल्पना असणार?

यानंतर दिवस फिरले. लोकांची आवड बदलली, मोठ्या कंपन्यांपुढें एकट्या कारागिराचा टिकाव लागेना, कर्ज वाढलें. १९१३ मध्यें पत्नी निवर्तली, दुसऱ्या वर्षीं महायुद्ध पेटलें. त्या युद्धांत त्यांच्या चित्रपटांच्या शेंकडों प्रती सेल्युलॉइडसाठीं वितळविल्या गेल्या व त्यांतून शिपायांच्या बुटांच्या टाचा झाल्या, असें सांगतात. बुटांच्या धंद्यांतून सुटून जें निर्माण केलें तें पुन्हां बुटांखालीं गेलें! १९२३ मध्यें नाट्यगृह रस्त्यासाठीं पाडलें गेलें आणि माँत्रयची जागाही सुटली. पेट्या भरभरून मूळ फिती होत्या. त्या ठेवणार कोठें? निराशेच्या भरांत मेलिये यांनीं आपल्या हातांनीं त्या अग्नीस दिल्या.

पुढें मोंपार्नास स्थानकांत एक वृद्ध गृहस्थ पत्नीसह खेळणीं व मिठाई विकीत बसलेले दिसत. ते मेलिये आहेत हें कोणासच ठाऊक नव्हतें. अखेर एका चित्रपटविषयक पत्राच्या संपादकांनीं त्यांना ओळखलें, जुन्या फितींचा शोध सुरू झाला आणि १९२९ च्या डिसेंबरांत पॅरिसमध्यें सापडलेल्या चित्रपटांचा मोठा समारंभ झाला. १९३१ मध्यें त्यांस सरकारी बहुमान मिळाला व १९३२ पासून ते ओर्ली येथील वृद्धाश्रमांत राहूं लागले. तेथें आंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांजु हे दोन तरुण त्यांस भेटत. जुने चित्रपट नष्ट होऊं नयेत, या ध्यासानें त्यांनीं १९३६ मध्यें फ्रेंच चित्रपट-संग्रहालय स्थापिलें. आश्रमाच्या आवारांतील एका रिकाम्या इमारतींत फिती ठेवल्या आणि तिची किल्ली मेलिये यांच्या हातीं दिली. ज्यांनीं आपलें सर्वस्व जाळलें, तेच आतां इतरांच्या कृतींचे राखणदार झाले. ता. २१ जानेवारी १९३८ रोजीं ते निधन पावले.

आज त्यांचे दोनशेंच्या आसपास चित्रपट उपलब्ध आहेत. ते कसे वांचले? जे दूर गेले होते ते वांचले. अमेरिकेस धाडलेल्या मूळ फिती हातोहात फिरत लिऑन श्लेसिंगर या गृहस्थांकडे आल्या. बग्ज बनी सशाचीं व्यंगचित्रें ज्यांच्या चित्रशाळेंत जन्मास आलीं, तेच हे श्लेसिंगर. ‘चंद्रावरील प्रवास’ची एक रंगीत प्रत १९९३ मध्यें बार्सिलोना येथील संग्रहालयांत आढळली. त्या काळची फीत नत्राम्लाची क्रिया केलेल्या कापसापासून बनत असल्यामुळें ती पटकन पेट घेते व जुनी झाल्यावर कुजून चिकटते. ही प्रतही घट्ट गोळा होऊन बसली होती. पॅरिसमधील तज्ज्ञांनीं ती रसायनाच्या वाफेंत मऊ केली, हलक्या हातानें उलगडली आणि तुकड्यातुकड्याचें छायाचित्र घेतलें. २०१० मध्यें संगणकाच्या साह्यानें जोडकाम सुरू झालें. उणीव पडली तेथें दुसऱ्या कृष्णधवल प्रतीवरून चित्रें घेऊन रंगविलीं. चित्रांतील निशाण स्पेनच्या रंगांत रंगविलेलें निघालें. प्रत स्पेनमधील प्रेक्षकांकरितां केलेली होती हें त्यावरून कळतें. ता. ११ मे २०११ रोजीं कान येथें हा चित्रपट पुन्हां रंगांत झळकला. मेलिये यांच्या मृत्यूस सत्तर वर्षें उलटल्यामुळें त्यांच्या देशांतही या कृतींवर कोणाचा खास हक्क उरला नाहीं. त्या सर्व जगाच्या झाल्या.

विद्यार्थिमित्रहो, परक्याच्या कष्टांवर चोरून पैसा मिळविणें हें पाप आहे, आणि त्यानें मेलिये यांस बुडविलें, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु ठेवा कुलपांत ठेवल्यानेंच टिकतो, हाही भ्रम आहे. घरांतील फिती एका दिवसांत जळाल्या. परदेशीं पांगलेल्या उरल्या. म्हणून ज्यांच्या हक्काची मुदत संपली आहे अशा जुन्या कृति शोधणें, दुरुस्त करणें आणि अनेकांच्या हातीं देणें, हें आम्ही पुण्यकर्म समजतों. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ देखील आज संपूर्ण पाहावयास मिळत नाहीं. तुमच्या घरीं माळ्यावर आजोबांचीं छायाचित्रें, पत्रें वा एखादी जुनी फीत असेल. ती रद्दींत घालण्यापूर्वीं वडील माणसांस विचारा, तिची एक नक्कल करा व दुसऱ्या घरींही ठेवा. ती किल्ली आतां तुमच्या हातीं आहे.