गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

आपल्या शाळेत दररोज सकाळी घंटा झाली म्हणजे शेकडो विद्यार्थी रांगेने उभे राहून एका सुरात राष्ट्रगीत गातात. यात आज कोणासही नवल वाटत नाही. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी सभ्य घरच्या मुलामुलींनी गाणे शिकावे व ते चारचौघांत म्हणावे, ही गोष्ट पुष्कळांस अनुचित वाटत असे. गायनविद्या राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांत कोंडून पडली होती. आणि तिचे उपासक कितीही गुणी असले, तरी समाजात त्यांस प्रतिष्ठा नव्हती. ती विद्या लोकांच्या हाती देऊन त्यांच्या कंठातून राष्ट्राचा आवाज उमटविण्यासाठी ज्या महाराष्ट्रीय पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार असल्यामुळे सुरांची ओळख घरातच झाली. बालपणी शोभेच्या दारूचा भडका उडून त्यांच्या डोळ्यांस इजा झाली व शाळेचा अभ्यास खुंटला. तेव्हा मिरजेस त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपविण्यात आले. बुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली होती. त्यांच्या कडक शिस्तीत विष्णूने अनेक वर्षे विद्या संपादन केली. मिरजेच्या संस्थानिकांची कृपा असल्याने त्याला कशाची ददात नव्हती. परंतु एका समारंभास आपणांस बोलावणे आले आणि गुरुजींस ते आले नाही, हे कळताच त्याच्या मनास मोठा धक्का बसला, असे सांगतात. गवयाचा मान राजाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर तो मान कसला, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. इ. स. १८९६ मध्ये त्याने मिरज सोडली.

पुढे गावोगाव हिंडत, जाहीर जलसे करीत पंडितजी पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ही शाळा एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या आश्रयावर व जलशांच्या उत्पन्नावर चालावयाची होती. आरंभी विद्यार्थी न मिळाल्याने पंडितजी एकटेच तंबोरा घेऊन ठरलेल्या वेळी वर्गात बसत, असे सांगतात. हळूहळू वर्ग भरू लागले. त्यांनी स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, आणि गावोगाव जाऊन शिकवतील असे शिष्य घडविले. इ. स. १९०८ मध्ये मुंबईस विद्यालय निघाले. त्याच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र फिटले नाही व अखेर तिचा लिलाव झाला. परंतु शिष्य देशभर पसरले होते, त्यांचा लिलाव कोण करणार?

राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत पंडितजी 'वंदे मातरम्' गात असत. इ. स. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनाचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्माच्या कारणास्तव सभेत गायन होण्यास हरकत घेतली. पंडितजी थांबले नाहीत. त्यांनी गीत पुरे केले. या प्रसंगी एकाचा देशाभिमान व दुसऱ्याची धर्मनिष्ठा समोरासमोर आली. दोघांपैकी कोणाचाही कळकळीविषयी संशय घेता येत नाही, म्हणूनच हा प्रसंग विचार करावयास लावणारा आहे. पंडितजींचे सामर्थ्य भजनात होते. जे पद लोकांच्या ओठी आधीच आहे, तेच हजारांचा जमाव एका सुरात गाऊ शकतो. परंतु ज्याच्या घरी ते पद गायिले जात नाही, तो त्या जमावात परका ठरण्याचा संभव असतो.

या पेचाचे उत्तर देशाने सावकाश शोधिले. आज सर्वत्र परिचित असलेली रामधुनीची चाल पंडितजींची मानली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात राहिले व इ. स. १९३० मध्ये दांडीयात्रेत चालले. पुढे महात्माजींच्या प्रार्थनेत त्याच धुनीमध्ये ईश्वर आणि अल्ला ही नावे शेजारी येऊन बसली. चाल तीच राहिली. तिच्यातील जागा वाढली. इ. स. १९३७ मध्ये राष्ट्रीय सभेने 'वंदे मातरम्'ची पहिली दोन कडवीच सभांतून गावी असे ठरविले. आणि २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरून 'वंदे मातरम्'लाही बरोबरीचा मान देण्यात आला.

पंडितजींस हे पाहावयास मिळाले नाही. उत्तर आयुष्यात ते नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. परंतु १५ ऑगस्ट १९४७ च्या प्रभाती आकाशवाणीवरून ज्यांनी 'वंदे मातरम्' गायिले, ते पंडित ओंकारनाथ ठाकूर त्यांचेच शिष्य होते.

विद्यार्थिमित्रहो, ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात मुलांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली, आणि गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. महाराष्ट्राच्या या गावात त्या मुलांच्या तोंडी गुजराती घोष होता, आणि तरीही तो कोणास परका वाटला नाही. आजही आपल्या वर्गात मराठीबरोबर अहिराणी, भिल्ली, पावरी व गुजराती बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. आपला सूर शेजाऱ्याच्या सुराशी जुळतो की नाही, हे पाहण्यासाठी गाणारा क्षणभर थांबून कान देतो. उद्या सकाळी राष्ट्रगीत गाताना आपणही तसा कान देऊ या.