कविवर्य श्रीधरस्वामी नाझरेकर
सांगोला तालुक्यातील नाझरे हे श्रीधरस्वामींचे गाव. जन्म इ. स. १६५८ च्या सुमारास. पिता ब्रह्मानंद हेच त्यांचे गुरू. संस्कृत पुराणे त्यांनी आत्मसात केली. परंतु ती विद्या बासनात बांधून ठेविली नाही. १७०२ मध्ये ‘हरिविजय’, १७०३ मध्ये ‘रामविजय’, १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ आणि स्कंदपुराणातील ब्रह्मोत्तरखंडावरून १७१८ मध्ये बारामती येथे ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ त्यांनी सोप्या ओवीत रचिले. संस्कृताचे अक्षर न पोचलेल्या घरांतही त्या कथा मायबहिणींच्या मुखी रुळल्या. १७२९ च्या सुमारास पंढरपुरी त्यांनी देह ठेविला.

सुटीतील निवासी संस्कृतवर्गास जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे आम्ही हाच आदर्श ठेवू इच्छितो. तेथे शिकलेले घरी येऊन आजीस मराठीत सांगता आले, तरच ते शिकणे फळास आले.